गॅमा किरण स्फोटाच्या कालावधीवरून त्याचा उगम ठरवता येतो का?

ध्रुवमत्स्य (प्रश्न):

नमस्कार. गॅमा किरण स्फोटांविषयी, म्हणजे दूर अवकाशातून येणाऱ्या अतितीव्र ऊर्जेच्या किरणांच्या अल्पकालीन लखलखाटांविषयी, आजवर जे काही वाचले, त्यात एक विभागणी जवळजवळ नियमासारखी मांडलेली आढळली. २ सेकंदांहून अधिक काळ चालणारा स्फोट हा प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याच्या मृत्यूतून निर्माण होतो आणि २ सेकंदांच्या आत संपणारा स्फोट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठे तारे मेल्यावर उरणाऱ्या अतिघन गाभ्यांच्या) विलीनीकरणातून होतो, असा तो नियम. १७ ऑगस्ट २०१७ रोजी एनजीसी ४९९३ या दीर्घिकेतून आधी गुरुत्वीय लहरी (अवकाशकाळातील कंपने) आल्या आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी जेमतेम २ सेकंदांचा गॅमा किरण स्फोट नोंदला गेला, तेव्हा नियमाच्या दुसऱ्या भागावर शिक्कामोर्तब झाले, असे मी समजत होतो.

मात्र ७ मार्च २०२३ च्या स्फोटाविषयी, म्हणजे जीआरबी (गॅमा रे बर्स्ट) २३०३०७ए विषयी वाचल्यापासून ही मांडणी मला पटेनाशी झाली आहे. हा स्फोट मिनिटभराहून अधिक काळ जाणवत राहिला, म्हणजे तो निर्विवादपणे ‘दीर्घ’ गटातला आहे; परंतु जेम्स वेब दुर्बिणीला त्या जागी ताऱ्याच्या मृत्यूची खूण न सापडता किलोनोव्हा, म्हणजे नव्या जड मूलद्रव्यांच्या किरणोत्सारामुळे काही दिवस उजळणारा ढग सापडला, जो न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाशी जोडला जातो. तर मग कालावधी आणि उगम यांचा संबंध नेमका कितपत खरा आहे? आणि कालावधीवर विसंबायचे नसेल, तर एखाद्या स्फोटाचा उगम शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शततारका (प्रतिसाद):

आपण प्रश्न अगदी योग्य ठिकाणी उपस्थित केला आहे. २ सेकंदांची सीमा भौतिकशास्त्राच्या कोणत्याही समीकरणातून आलेली नाही, ती आकडेवारीतून आलेली आहे, आणि ही गोष्ट प्राथमिक पुस्तकांत पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

हे स्फोट प्रथम नोंदले ते अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी. अणुचाचणीबंदी कराराचे उल्लंघन होत नाही ना, यावर नजर ठेवण्यासाठी ते सोडलेले होते. पहिली नोंद २ जुलै १९६७ ची असली, तरी ती जाहीर व्हायला १९७३ साल उजाडले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की तिच्या बाहेरचे, यावरच वाद चालू होता. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरील ‘बॅट्से’ या उपकरणाने सुमारे २,७०० स्फोट नोंदले आणि ते आकाशाच्या सर्व दिशांना सारखेच विखुरलेले असल्याचे दाखवून दिले. याच उपकरणाच्या पहिल्या काही वर्षांतील नोंदींचे कालावधी आलेखावर मांडले, तेव्हा १९९३ मध्ये असे दिसले की आलेखाला दोन उंचवटे आहेत. एक उंचवटा सेकंदाच्या काही दशांशांपाशी होता, तर दुसरा काही दशक सेकंदांपाशी, आणि दोहोंमधील खोलगट भाग २ सेकंदांच्या आसपास होता. परंतु त्या खोलगट भागातही स्फोट होतेच, कारण दोन्ही उंचवट्यांच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. एकट्या स्फोटाकडे बोट दाखवून तो कोणत्या गटातला हे खात्रीने सांगण्यासाठी ही सीमा कधीच पुरेशी नव्हती.

आता कालावधी मुळात कशाने ठरतो, ते पाहू. दोन्ही प्रकारांत शेवटी जे यंत्र तयार होते ते बरेचसे सारखे असते. मध्यभागी नवजात कृष्णविवर (किंवा काही प्रारूपांनुसार अतितीव्र चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा), त्याभोवती वेगाने फिरणारी तप्त द्रव्याची चकती, आणि चकतीच्या अक्षाच्या दोन्ही दिशांना प्रकाशाच्या वेगाच्या अगदी निकट वेगाने निघणारे अरुंद झोत. त्या झोतांपैकी एक आपल्या दिशेने असेल, तरच आपल्याला स्फोट दिसतो. हे यंत्र किती वेळ चालेल, हे प्रामुख्याने कृष्णविवरात पडत राहणारे द्रव्य किती वेळ पुरते यावर अवलंबून असते. चूल किती वेळ पेटती राहिली एवढ्यावरून तिच्यात लाकडे होती की गोवऱ्या हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञ स्टॅन वूस्ली यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या ‘कोलॅप्सार’ प्रारूपात वेगाने फिरणाऱ्या, बाहेरचे हायड्रोजनचे आवरण गमावलेल्या मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनते आणि वरचे थर एकामागून एक आत पडत राहतात. हे थर दूरवर पसरलेले असल्यामुळे पुरवठा काही दशक सेकंद, कधी कधी त्याहूनही जास्त वेळ चालू राहतो. झोताला ताऱ्याचे शरीर भेदून बाहेर यायलाच सुमारे दहा सेकंद लागतात. त्यामुळे यंत्र त्याआधीच बंद पडले, तर झोत आतच गुदमरतो आणि आपल्याला नेहमीसारखा स्फोट दिसतच नाही. येथे एक महत्त्वाची शक्यता निर्माण होते: झोत बाहेर पडल्यानंतर यंत्र अगदी थोडा वेळच चालले, तर मोठ्या ताऱ्याच्या मृत्यूतूनही लघु स्फोट दिसू शकेल. २६ ऑगस्ट २०२० चा जीआरबी २००८२६ए नेमका असाच होता. तो सुमारे एकच सेकंद टिकला, परंतु पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी अतिनवताऱ्याची, म्हणजे सुपरनोव्हाची खूण आढळली.

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणात परिस्थिती उलट असते. दोन ताऱ्यांचे बहुतेक सर्व द्रव्य क्षणार्धात मध्यवर्ती पिंडात सामावते आणि चकतीसाठी फार तर सूर्याच्या एक दशांश वस्तुमानाच्या आसपास द्रव्य उरते, तेही काही शे किलोमीटरच्या परिसरात. ती चकती एखाद्या सेकंदात बरीचशी रिकामी व्हावी, अशी अपेक्षा असते. म्हणून लघु स्फोटांचे स्पष्टीकरण सहज जमते आणि २३०३०७ए चे जमत नाही. अडचण आहे ती येथे, दोन उंचवट्यांच्या आलेखात नव्हे.

कालपुरुष (प्रतिसाद):

शततारका यांच्या विवेचनाला निरीक्षणाच्या बाजूने थोडी जोड देतो. आपण ज्याला कालावधी म्हणतो, तो स्फोटाच्या एकूण गॅमा किरणांपैकी पहिले ५ टक्के पोहोचल्यापासून ९५ टक्के पोहोचेपर्यंतचा काळ असतो. हा आकडा पाहणाऱ्या उपकरणावर बराच अवलंबून असतो. कमी ऊर्जेच्या किरणांना अधिक संवेदनशील असलेल्या स्विफ्ट उपग्रहाला तोच स्फोट बॅट्सेच्या तुलनेत अधिक लांब दिसू शकतो, कारण स्फोटाचा उत्तरार्ध सामान्यतः सौम्य ऊर्जेचा असतो. फर्मी उपग्रहाच्या मोजणीनुसार २३०३०७ए चा असा कालावधी सुमारे ३५ सेकंद भरतो, तर त्याची क्षीण शेपटी त्यानंतरही बराच वेळ जाणवत होती. आपण वाचलेल्या मोठ्या आकड्याचे कारण हेच आहे.

त्याशिवाय विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या घटना आपल्याला ताणलेल्या दिसतात. २३ एप्रिल २००९ चा स्फोट ८.२ इतक्या ताम्रसृतीचा (प्रसरणामुळे प्रकाशाची लहर किती ताणली गेली, याचे हे माप) होता, म्हणजे त्याचे किरण महास्फोटानंतर सुमारे ६३ कोटी वर्षांनी निघालेले होते. आपल्या घड्याळाने तो सुमारे १० सेकंद चालला, परंतु त्या दीर्घिकेतील घड्याळाने जेमतेम सव्वा सेकंदाचाही नव्हता. तरीही बहुसंख्य अभ्यासक त्याला मोठ्या ताऱ्याचा मृत्यूच मानतात. २ सेकंदांची रेघ इतकी लवचीक आहे.

मृगशीर्ष (प्रतिसाद):

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे उगम कशावरून ठरवतात याविषयी लिहितो. माझ्या मते या विषयातील खरी प्रगती गॅमा किरणांनी झालेली नाही. ते किरण विझल्यानंतर जी दीप्ती मागे राहते, तिच्या अभ्यासाने झाली आहे.

१९९७ पर्यंत एकाही स्फोटाचे अंतर माहीत नव्हते. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला बेप्पोसॅक्स या इटालियन-डच उपग्रहाने एका स्फोटानंतर मंदावत जाणारा क्ष-किरणांचा स्रोत टिपला, त्याच जागी ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीला दृश्य प्रकाश सापडला, आणि ८ मे १९९७ च्या स्फोटाच्या वर्णपटावरून तो किमान ०.८३५ ताम्रसृतीइतका, म्हणजे अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे सिद्ध झाले. अंतर कळताच ऊर्जेचा प्रश्न उभा राहिला. २३ जानेवारी १९९९ च्या स्फोटाची ऊर्जा सर्व दिशांना सारखी फेकली गेली असे धरले, तर ती संपूर्ण सूर्याचे वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित केल्याहूनही जास्त भरते. ही ऊर्जा काही अंशांच्या अरुंद झोतात एकवटलेली असते असे मानले, की हिशेब सुपरनोव्हाच्या टप्प्यात येतो. दीप्ती एका ठरावीक टप्प्यानंतर अधिक वेगाने मंदावू लागते, आणि झोत अरुंद असल्याचा तो एक चांगला पुरावा आहे.

मोठ्या ताऱ्याचा संबंध पहिल्यांदा सुचला तो २५ एप्रिल १९९८ च्या स्फोटामुळे, कारण त्याच्याच जागी एसएन १९९८बीडब्ल्यू हा असाधारण वेगाने द्रव्य फेकणारा सुपरनोव्हा दिसला. तथापि तो स्फोट स्वतः फार दुबळा होता, त्यामुळे शंका घेणाऱ्यांनाही आधार होता. ती शंका २९ मार्च २००३ च्या स्फोटाने दूर केली. त्याची दीप्ती उतरत असताना दिवसेंदिवस घेतलेल्या वर्णपटांत सुपरनोव्हाची वैशिष्ट्ये हळूहळू वर येताना प्रत्यक्ष दिसली. मला या संपूर्ण विषयातील ही सर्वांत समाधान देणारी निरीक्षणमालिका वाटते, कारण तिच्यात अनुमानाला फारच थोडी जागा उरते.

विलीनीकरणाची ओळख वेगळ्या खुणांनी पटते. न्यूट्रॉन तारे फुटून विखुरले की न्यूट्रॉनांनी भरलेल्या द्रव्यात अणुकेंद्रे अत्यंत वेगाने न्यूट्रॉन शोषून घेत जातात आणि सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांसारखी जड मूलद्रव्ये तयार होतात. त्यांच्या किरणोत्सारी क्षयाच्या उष्णतेने हा ढग काही दिवस उजळतो आणि झपाट्याने निळ्याकडून तांबड्या व अवरक्त प्रकाशाकडे सरकतो. यालाच किलोनोव्हा म्हणतात. २०१७ च्या घटनेत तो सविस्तर अभ्यासता आला. २३०३०७ए नंतर जेम्स वेब दुर्बिणीने सुमारे एका महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांनी निरीक्षणे घेतली, तेव्हा २.१५ मायक्रॉनपाशी एक ठळक रेषा आढळली. ती टेल्युरियम या जड मूलद्रव्याची असल्याचे अभ्यासकांनी सुचवले आहे.

तिसरी खूण म्हणजे घटनेचे स्थान. मोठे तारे अल्पायुषी असतात, त्यामुळे ते जेथे जन्मतात तेथेच मरतात. म्हणून त्यांचे स्फोट ताऱ्यांची निर्मिती जोमात चालू असलेल्या लहान, निळसर दीर्घिकांच्या तेजस्वी भागांत सापडतात. न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी मात्र एकमेकींभोवती फिरत कोट्यवधी, कधी अब्जावधी वर्षे घालवते आणि जन्मवेळच्या सुपरनोव्हांच्या हिसक्याने मूळ जागेपासून फार दूर जाऊ शकते. २००५ मध्ये स्विफ्टने शोधलेला एक लघु स्फोट नवे तारे जवळजवळ न जन्मणाऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेजवळ सापडला, तेव्हा या कल्पनेला मोठे बळ मिळाले. २३०३०७ए ज्या दीर्घिकेशी जोडला जातो, तिच्यापासून तो सव्वा लाख प्रकाशवर्षांच्या आसपास दूर आहे. एवढ्या अंतरावर अल्पायुषी तारा पोहोचूच शकत नाही, त्यामुळे केवळ स्थानाचा विचार केला तरी कल विलीनीकरणाकडेच झुकतो.

आपल्याला बुचकळ्यात टाकणारा हा पहिलाच स्फोट नाही, हेही नमूद करावेसे वाटते. १४ जून २००६ चा स्फोट १०० सेकंदांहून अधिक काळ टिकला होता आणि तुलनेने जवळचा होता, तरी कसून शोधूनही तेथे सुपरनोव्हा सापडला नाही. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट सुमारे मिनिटभर चालला आणि त्यानंतर सुमारे ११० कोटी प्रकाशवर्षांवर किलोनोव्हासारखी तांबूस दीप्ती दिसली. २३०३०७ए हे या मालिकेतील सर्वांत भक्कम उदाहरण आहे.

ध्रुवमत्स्य:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालावधी हा यंत्राच्या चालण्याचा मापक आहे, यंत्र कोणी घडवले याचा नाही, हे आता स्पष्ट झाले. तरी शततारका यांनी जी अडचण दाखवली ती कायमच राहते. चकती सेकंदभरात रिकामी होत असेल, तर मिनिटभर गॅमा किरण कोठून येतात? आणि किलोनोव्हा दिसला म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांचीच जोडी होती, असे ठामपणे म्हणता येते का?

शततारका:

यावर सध्या तीन-चार पर्याय मांडले जात आहेत आणि त्यांपैकी एकावरही एकमत झालेले नाही. पहिल्या पर्यायानुसार विलीनीकरणातून कृष्णविवर लगेच बनत नाही. काही काळ अतितीव्र चुंबकीय क्षेत्राचा, प्रचंड वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मॅग्नेटार, टिकून राहतो आणि तो आपल्या परिवलनाची ऊर्जा झोतात ओतत राहतो. दुसऱ्या पर्यायात कृष्णविवर बनते, परंतु त्याच्याजवळ साचलेले चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते की ते आत पडू पाहणाऱ्या द्रव्याला अडवून धरते आणि पुरवठा लांबतो. तिसरा पर्याय जोडीच बदलतो: एका बाजूला न्यूट्रॉन तारा आणि दुसऱ्या बाजूला श्वेत बटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याच्या मृत्यूनंतर उरणारा घन गाभा. श्वेत बटू आकाराने पृथ्वीएवढा असल्यामुळे त्याच्या विघटनातून बनणारी चकती मोठी आणि अधिक काळ पुरणारी असते. मात्र अशा जोडीतून जड मूलद्रव्ये पुरेशी तयार होतात का, हा त्या पर्यायापुढील कठीण प्रश्न आहे. न्यूट्रॉन तारा आणि कृष्णविवर यांची जोडी हाही एक पर्याय आहे. तेव्हा किलोनोव्हा दिसला म्हणजे न्यूट्रॉनांनी समृद्ध द्रव्य बाहेर फेकले गेले, एवढेच खात्रीने म्हणावे. ते दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचेच होते, ही बळकट शक्यता आहे, सिद्धता नव्हे.

या कारणाने अनेक अभ्यासक आता दीर्घ आणि लघु अशी विभागणी सोडून मोठ्या ताऱ्याचे कोसळणे आणि सघन पिंडांचे विलीनीकरण अशी उगमाधारित विभागणी पसंत करतात. मला तीच योग्य वाटते, जरी तिच्यासाठी प्रत्येक स्फोटाचा आठवडेच्या आठवडे पाठपुरावा करावा लागतो आणि बहुसंख्य स्फोटांच्या बाबतीत ते शक्य होत नाही.

लघु स्फोटांमध्ये आणखी एक पाहुणा मिसळलेला असतो, तोही लक्षात ठेवावा. १५ एप्रिल २०२० रोजी नोंदलेला केवळ १४० मिलिसेकंदांचा स्फोट सुमारे १.१ कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी २५३ या दीर्घिकेतील मॅग्नेटारचा महाउद्रेक असल्याचे मानले जाते. अशा उद्रेकात तारा नष्ट होत नाही, त्यामुळे त्याचा या दोन्ही उगमांशी संबंध नाही.

कालपुरुष:

चुंबकीय क्षेत्राचा मुद्दा निघाला आहे, तर त्याला धरून आपल्याकडील कामाचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहावरील सीझेडटीआय हे क्ष-किरण टिपणारे उपकरण मुंबईच्या टीआयएफआर, पुण्याच्या आयुका या संशोधन संस्था आणि इतर भारतीय संस्थांच्या सहकार्यातून उभे राहिले. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते चालू झाले आणि त्याच दिवशी त्याने आपला पहिला गॅमा किरण स्फोट नोंदला. त्यानंतर अशा नोंदींची संख्या ५०० च्या पुढे गेली आहे. या उपकरणाचे वैशिष्ट्य असे की १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या ऊर्जेत ते तेजस्वी स्फोटांच्या किरणांचे ध्रुवीकरण (त्यांची कंपने एकाच दिशेत किती एकवटली आहेत ते) मोजू शकते. किरण किती प्रमाणात आणि कसे ध्रुवीकृत आहेत, यावरून झोतातील चुंबकीय क्षेत्र सुव्यवस्थित आहे की विस्कळीत, याचा अंदाज घेता येतो आणि मध्यवर्ती यंत्र चुंबकीय शक्तीवर चालते का, या प्रश्नाकडे त्या दिशेने जाता येते. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने २९ मार्च २००३ च्या स्फोटाची रेडिओ दीप्ती दीर्घकाळ मोजली होती. झोताचा वेग ओसरल्यानंतरचे असे मापन खरी एकूण ऊर्जा ठरवायला फार उपयोगी पडते, कारण तोवर द्रव्य सर्व दिशांना पसरू लागलेले असते आणि झोताच्या कोनाविषयीचे गृहीतक तितकेसे आड येत नाही.

श्री. ध्रुवमत्स्य यांच्या शेवटच्या प्रश्नाचा निर्णायक निकाल मात्र गुरुत्वीय लहरींकडूनच लागू शकेल, कारण विलीन होणाऱ्या पिंडांची वस्तुमाने त्या लहरींतूनच थेट कळतात. दुर्दैवाने डिसेंबर २०२१ आणि मार्च २०२३ चे दोन्ही स्फोट गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेच्या दोन निरीक्षणसत्रांच्या मधल्या काळात आले. तिसरे सत्र मार्च २०२० मध्ये संपले होते आणि चौथे मे २०२३ मध्ये सुरू झाले. शिवाय १०० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपासचे अंतर न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीसाठी या उपकरणांच्या टप्प्याच्या कडेला किंवा पलीकडे पडते, त्यामुळे ती चालू असती तरी संकेत मिळालाच असता असे नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिका, इटली आणि जपानमधील उपकरणांपासून ते फार दूर असल्यामुळे लहरींच्या उगमाची दिशा पुष्कळ अधिक अचूकपणे ठरवता येईल. मिनिटभर चालणाऱ्या एखाद्या जवळच्या स्फोटाबरोबर लहरींचा संकेत एकदा जरी मिळाला, तरी शततारका यांनी मांडलेल्या पर्यायांपैकी श्वेत बटूचा पर्याय त्याच दिवशी तपासता येईल. श्वेत बटू आकाराने इतका मोठा असतो की तो या उपकरणांना ऐकू येणाऱ्या वारंवारतेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच फाटून जातो, म्हणून त्या जोडीकडून असा संकेत येणारच नाही.